कमी तोंडांचं भात

माझ्या सासूने फावड्याच्या दांड्याने एका शास्त्रज्ञ मुलीचा हात मोडला, तेव्हा मी तिथेच होते. नुसती बघत नव्हते, सासूच्या कमरेला मिठी मारून लोंबकळत होते. माझा खालचा ओठ फाटला होता, दातांत चिखल गेला होता, आणि शेजारी माझा धाकटा दीर आपलंच नाक ओंजळीत धरून बसला होता. गंमत म्हणजे या सगळ्या हाणामारीत कोणाचाही आवाज निघत नव्हता. धसईच्या बाजारात बायका वांग्याच्या भावावरून याहून जास्त ओरडतात. आम्ही चौघं एकमेकांच्या जिवावर उठलो होतो, तेही कुजबुजत.

असं का, ते कळायला आधी माझी सासू कळली पाहिजे.

तिला आम्ही आत्या म्हणतो. उंचीने ती माझ्या खांद्याला लागते. अंगावर मांस म्हणून नाही. पण हात असे, की देवाने ते दुसऱ्या कोणासाठी घडवले असावेत आणि घाईत हिला लावून टाकले असावेत. तिने घोणस वरवंट्याने ठेचलीय, आणि मग तोच वरवंटा घासूनपुसून चटणी वाटलीय. शिंग उगारणाऱ्या म्हशीच्या नाकाडावर तिने बुक्की मारलेली मी पाहिलीय. त्यानंतर ती म्हैस आत्याला बघून बाजूला व्हायची. नळाचं पाणी रोज वरच्या आळीला आधी सोडणाऱ्या माणसाच्या बरगडीत तिने त्याचीच लोखंडी चावी घातली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात भाकरी करपली म्हणून तिने मला परात फेकून मारली. मी ती हवेत झेलली आणि तशीच तिच्यावर भिरकावली. तिच्या भुवईवर अजून वण आहे. त्या दिवसापासून आमचं छान जमलं.

अशा या बाईचा एक नियम होता. भात पोटरीला आलं, म्हणजे दाण्यांची लोंबी अजून ताटाच्या आत आहे आणि ताट फुगलंय, की ते पोटुशी झालं. त्या दिवसापासून लोंबी बाहेर पडेपर्यंत खाचरात आवाज चढवायचा नाही. शिवी नाही, भांडण नाही, शिट्टीसुद्धा नाही. दचकलं तर गाभडतं, सगळे दाणे पोकळ निघतात. तिच्या सासूने हे तिला सांगितलं, तिने मला. आजूबाजूच्या खाचरांतल्या बायका हे पाळतात. पुरुषही पाळतात, आत्या जवळपास असली तर.

आता ती मुलगी.

धसईत माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. एका बाजाराच्या दिवशी भर गर्दीत पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, "काकू, बिनरंगाची नेलपॉलिश आहे? जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या द्या."

"कोनाचं लगीन गो?" मी विचारलं.

"लग्न नाही. भाताच्या पानांना लावायचीय."

मी दुकानातली इतर गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडली आणि तिला आत बसवून घेतली. अशी माणसं रोज येत नाहीत.

ती देशावरची, पाऊस चुकून पडतो अशा मुलखातली. एका मोठ्या संस्थेत भातावर काम करायची. शहापुरात खोली घेतली होती आणि स्कूटीवरून किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाडच्या गावांमध्ये शेत शोधत हिंडत होती. किन्हवली माझं माहेर, म्हणून मी तिला चहाही दिला. चहा पिता पिता तिने मला पान वाचायला शिकवलं.

पानाला बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी, हजारोंनी. शाळेच्या पुस्तकात त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्या तोंडांनी पान हवा आत घेतं, पण तोंड उघडलं की आतली वाफ बाहेर पडते. भात पितं त्यातलं बरंचसं पाणी असं तोंडातून उडून जातं. तिच्या संस्थेने बियाण्याच्या आत, जिथे रोपाने कसं वाढायचं ते ठरतं, तिथे बारीकसा बदल करून कमी तोंडांचं भात तयार केलं होतं. तोंडं मोजायची तर पानावर नेलपॉलिशचा थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने तो अलगद सोलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पानाच्या सगळ्या तोंडांचा ठसा त्या थरावर उमटलेला असतो.

तिने तो ठसा मला दाखवला. मी एक डोळा मिटून बघितलं आणि माझी टिकली पडली. ओळीने तोंडं! प्रत्येकाला दोन ओठ. जणू गावजेवणाची पंगत बसलीय आणि वाढणारे अजून आलेच नाहीत.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"ते तहान सोसतं का, हे बघायचंय. खऱ्या शेतात. आणि सोसायची ती पोटरीच्या वेळी, तेव्हाच भाताला पाणी सगळ्यात जास्त लागतं. तेव्हा तोडलं आणि तरी दाणा भरला, तर खरं. पोटरीपासून फुलोरा संपेपर्यंत खाचरात पाण्याचा थेंब नको. एकदा जरी पाणी शिरलं तरी सगळं वाया. हंगाम गेला की माझं काम गेलं, काकू. पुढच्या वर्षी मला कोणी विचारणार नाही."

मी तिथल्या तिथे आमचं वरचं खाचर तिला देऊ केलं. मला सर्कस आवडते, आणि इथे तर सर्कस आपल्या पायाने दुकानात आली होती.

घरी आत्यासमोर तिने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. पोटरीत पाणी तोडणार, हेही सांगितलं. आत्या मान डोलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं, बरं." मागाहून कळलं, तिला ते खरंच वाटलं नव्हतं. लग्नात नवरदेव वचनं देतो तसं काहीतरी ही पोरगी बोलत्येय, असं तिने धरलं. पोटुशीचं पाणी तोडणारा माणूस जगात असू शकतो, हे तिच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

लावणी झाली. एक पट्टा साध्या भाताचा, एक कमी तोंडांचा, पुन्हा साधा, एक त्याहूनही कमी तोंडांचा, असं करत खाचर भरलं. पाऊस अडवायला खाचरावर बांबूंचा सांगाडा उभा राहिला आणि त्याला गुंडाळून ठेवता येईल असा प्लास्टिकचा कागद. माझा दीर, ज्याचं खाचर आमच्या खाली लागून आहे, रोज विचारायचा, "वयनी, मांडव घातला, हळद कदी लावता?" वाहाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पाटाने आमच्या बांधाला वळसा घालून सरळ त्याच्या खाचरात जाईल अशी सोय करून दिली होती, म्हणून त्याला विनोद सुचत होते.

गौरी-गणपती गेले, भादव्याचं ऊन पडलं, आणि भात पोटरीला आलं. मुलीने पाणी तोडलं. त्याच दिवशी मी तिला आत्याचा नियम सांगितला.

"रोपांना कान नसतात, काकू," ती हसून म्हणाली.

"तुला तरी हायत ना? मग ऐक."

जमीन आधी करडी झाली, मग भेगाळली. आत्या बांधावर येऊन बसायची आणि बघायची. बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मी भांडी उचलून आत ठेवते.

तशातच मुलीने पिशवीतून एक यंत्र काढलं. कोरोनात कपाळासमोर धरायचे ना, तसलं. पानांवर रोखून ती आकडे वाचायला लागली. साधं भात झालं, मग कमी तोंडांच्या पट्ट्यापाशी जाऊन म्हणाली, "हिला जरा जास्त आहे."

"काय जास्ती?" आत्याने बांधावरून हळूच विचारलं.

"ताप, आजी. म्हणजे ताप नाही तसा. पान वाफ सोडतं तो त्याचा घाम. तोंडं कमी, घाम कमी, म्हणून अंग तापतं. तेवढं चालतं त्याला."

आत्या उठली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात उगवली. मुलगी तिथे ठसे बघत बसली होती. आत्याने तिला कोपराने ढकललं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हे कोनाचं?"

"साध्या भाताचं."

"कवडी तोंडं गो! आनि तुजं?"

मुलीने दुसरा ठसा सरकवला. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"हितं तोंडं कुठं गेली?"

"आम्हीच कमी केली, आजी. बियाण्यातच."

"जल्माच्या आदीच?" आत्याने डोळा काढला. "आनि मंग पोटुशी असताना पानी तोडलंस. आनि तिला ताप हाय."

"तोंडं कमी असली की तहान कमी लागते, आजी."

"असं? ये, तुजं बांदून बगू, तुला कवडी लागते ती." आत्याने तिचा जबडा एका हाताने असा धरला, की ओठांचा चंबू झाला. मी काउंटरवरून उडी मारली तेव्हा बांगड्यांचा एक ट्रे खाली गेला. जबडा सोडवायला मला आत्याच्या बोटाला चावावं लागलं. गिऱ्हाइकं बाहेरून बघत होती. एकीने विचारलं, "दुकान चालू हाय ना?"

त्या संध्याकाळी खाचरातली पहिली चकमक झाली. आत्या डोक्यावर हंडा घेऊन खाचरात उतरताना मी तिला धरलं. आम्ही दोघी तो हंडा दोन बाजूंनी ओढत होतो, ओठ घट्ट मिटून, कारण पायाखाली पोटुशी होती. तिने एकदम हात सोडला. हंडा माझ्या कपाळावर आदळला, मी मागे बांधाबाहेर पडले आणि सगळं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. माझ्या डोक्यात घंटा वाजत होती आणि आत्या वरून वाकून पुटपुटत होती, "तुजी तहान भागली? आता हिची भागव." पाटाच्या कडेला बसून मी कपाळावर चिखल लावला आणि एकटीच हसत बसले. सुनेने सासूचा मार खाणं यात नवल नाही, पण पाण्याने भरलेल्या हंड्याचा मार फार थोड्या सुनांच्या नशिबी येतो.

मुलीला मी म्हटलं, "आता ती फावडं घेऊन येनार."

"मग मी खाचर सोडणार नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती सकाळी उजाडताच यायची आणि दिवस मावळल्यावरच शहापूरला परत जायची.

अंधारात चोरून काही करणं आत्याला कमीपणाचं वाटतं. ती आली ती भर दुपारी. कागद गुंडाळलेला होता, ऊन नुसतं ओतत होतं. मुलगी खाचराच्या मध्यावर उकिडवी बसून पानांना नेलपॉलिश लावत होती. मी दुसऱ्या टोकाला सोललेले थर काचांवर चिकटवत होते. मान वर केली तर वरच्या बांधावर आत्या, लुगडं खोचलेलं, हातात फावडं, आणि पाटाच्या कडेची माती दणादण उडत होती.

ओरडायचं नव्हतं. मी दोन्ही हात हवेत फिरवले, उड्या मारल्या, बोट दाखवलं. मुलीला वाटलं साप. ती जागच्या जागी थिजली. मग तिने बांध पाहिला आणि धावत सुटली. धावतानाही कसरत, रोपांना पाय लागू नये म्हणून दोन ओळींमधून, बगळ्यासारखी पावलं टाकत. मी पण धावले. आत्याचं फावडं वर गेलेलं असताना मुलीने ते पकडलं.

आत्याने ओढून पाहिलं. फावडं येईना. मग तिने डोकं मागे नेलं आणि मुलीच्या छातीवर आदळलं. मुलगी बांधावर आडवी झाली, पण फावडं सोडलं नाही, तशीच फरपटत आली. तोवर मी मागून आत्याच्या कमरेला मिठी घातली. तिने टाच मागे मारून माझी नडगी सोलली, आणि मी खाली बघत्येय तोवर कोपर माझ्या तोंडावर. ओठ फाटला ते आधी चवीने कळलं. मी मिठी सोडली नाही. सोडली असती तर तिचे दोन्ही हात मोकळे झाले असते.

"सोड, चुडेल," ती पुटपुटली.

"नाय सोडत, म्हातारे," मी तिच्या पाठीत तोंड खुपसून पुटपुटले.

एवढ्यात खालच्या खाचरातून माझा दीर वर आला. त्याने पाहिलं, आई मध्ये, वहिनी मागे लटकलेली, शहरची पोरगी पुढे आडवी. तो बिचारा सोडवायला आला होता. पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "आये! काय करतेस—"

आत्या मला घेऊनच गर्रकन वळली आणि तिने फावड्याच्या दांड्याचं टोक त्याच्या नाकावर घातलं. ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. तो मटकन बसला. बोटांमधून रक्त यायला लागलं.

"हळू बोल, मुडद्या," आत्या कुजबुजली. "पोटुशी हाय."

"नाक मोडलंस गो माजं," तोही कुजबुजला.

"रगत बांदाच्या भाईर टाक."

आणि तो खरोखर मान वळवून बांधाबाहेर रक्त गाळत बसला. आमच्या घराण्यातली माणसं अशीच आहेत, मार खाताना सूचना पाळतात.

पण या झटापटीत फावडं मुलीच्या हातून सुटलं होतं. आत्याने आधीच पाडलेल्या खाचेतून पाणी यायला लागलं. चिखलाची कड ढासळली, खाच रुंद झाली आणि पाण्याची जीभ खाचरात उतरून पहिल्या ओळीकडे निघाली. मुलीने ती पाहिली. मातीने बुजवायला वेळ नव्हता. ती सरळ त्या खाचेत आडवी झाली, पाठ पाटाकडे, पोट खाचराकडे, एका हाताने बांधाची माती घट्ट धरलेली. पाणी तिच्या पाठीशी तुंबलं. आत जाणारी धार तुटली.

मला वाटलं, संपलं. आत्या काय माणसावरून पाणी नेणार?

"ऊठ," आत्या म्हणाली.

"नाही."

"ऊठ, नाय तर हात मोडीन."

"मोडा. पण पाणी आत जाणार नाही."

जे करायचं नाही ते आत्या बोलत नाही. मी तिच्या कमरेला लटकलेली असतानाच तिने दांडा उचलला आणि बांधाची माती धरून असलेल्या हातावर घातला. कोपराच्या खाली. तो आवाज मला माझ्या पोटात ऐकू आला. हात नको तिथे वाकला.

मुलीने तोंड उघडलं. एवढं, की मला तिची पडजीभ दिसली. दिराने डोळे मिटून घेतले. मी किंकाळीची वाट बघत राहिले. किंकाळी आलीच नाही. तिने ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं, मान वळवून ओढणीचा बोळा दातांत धरला आणि खाचेतच पडून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून शेंबूड, कपाळावरची शीर थडथडत होती. आवाज नाही. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर भाताची पोटरीतली ताटं हलकेच डोलत होती.

आत्या दांडा वर धरून उभी होती, दुसऱ्या घावाच्या तयारीत. तिने मुलीकडे बघितलं, भाताकडे बघितलं, पुन्हा मुलीकडे.

"वरडली नाय," ती म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच.

फावडं तिने पाटापलीकडे फेकलं. मग गुडघे टेकले, हातांनी चिखल उपसला आणि मुलीच्या पाठीमागे थापायला लागली. अशी थापत होती की चिखलावरच राग काढत असावी. बांध मुलीच्या अंगाला धरून उभा राहिला. "आता सरक," ती म्हणाली. मुलगी सरकली. खाचेतून पाण्याचा थेंबही आत आला नाही.

त्यानंतर ती पोरगी एका हाताने दुसरा हात छातीशी धरून चालत निघाली. आमचं खाचर ओलांडलं, दिराचं ओलांडलं, शेताड संपून डांबरी रस्ता लागला, तिथे ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसली, आणि मग ओरडली. असं ओरडली की झाडावरचे कावळे उठले आणि पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली. मी शेजारी बसून तिला साथ दिली. माझाही ओठ दुखत होताच.

मुरबाडला गेलो ते दिराच्या मोटारसायकलवर. पुढे तो, नाकात चिंध्या कोंबलेला, मागे मी, मध्ये ती. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"बांधावरून घसरले," मुलगी म्हणाली.

"मी पन," दीर नाकातून म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"फारच निसरडा बांध आहे तुमचा," ते म्हणाले आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.

परत येताना मी तिला विचारलं, "ओरडली का नाय गो? रोपांना कान नाय म्हनत होतीस."

"नाहीतच," ती म्हणाली. वेदनेच्या गोळीने तिचे डोळे जड झाले होते. "पण ओरडले असते आणि नंतर दाणे पोकळ निघाले असते, तर सगळा गाव म्हणाला असता, पोरगी ओरडली म्हणून गाभडलं. तहानेने झालं की आवाजाने, याचा वाद कधीच मिटला नसता. एका प्रयोगात दोन कारणं ठेवत नाहीत, काकू."

मी एवढी हसले की ओठाचा टाका उसवला.

पाणी पहिल्या ओळीपर्यंतच पोचलं होतं, आणि कडेची ओळ ती तशीही हिशोबात धरत नव्हती. खाचर वाचलं होतं. ते फुलोरा संपेपर्यंत वाचवायचं होतं, आणि तिचा एक हात गळ्यात होता.

ते काम आत्याने घेतलं. कोणी सांगितलं नाही, ती कोणाला काही बोललीही नाही. सकाळी काठी घेऊन बांधावर बसायची. पाटाच्या बांधाला खेकड्याने भोक पाडलेलं दिसलं, तर त्या खेकड्याला बाहेर ओढून दगडावर आपटायची आणि संध्याकाळी त्याचं कालवण व्हायचं. चुकार बैल बांधाकडे वळला तर त्याच्या पायांवर काठीचे वळ उठायचे. दिराने एकदा लांबून गमतीने विचारलं, "आये, आता पानी सोडू का थोडं?" तर ढेकूळ त्याच्या त्याच नाकाला चाटून गेलं. मुलीशी मात्र तिने अक्षर काढलं नाही. तिच्याकडे बघायची ती अशी, की मोडायला अजून एक हात शिल्लक आहे.

मग एका संध्याकाळी डोंगराच्या बाजूने आभाळ काळं झालं. वारा सुटला. आत्या, मी आणि दीर त्या प्लास्टिकच्या कागदावर तुटून पडलो. वारा कागदाचं शीड करत होता. दोरी दिराच्या तळहाताची साल घेऊन गेली. एक बांबू सुटला आणि माझ्या खांद्यावर असा बसला की हात बधिर झाला. आत्या कागदाच्या टोकाला लटकली होती आणि वारा तिला जमिनीवरून उचलत होता, टाकत होता, उचलत होता. तोंडातून शब्द नाही. कागद बांधून झाला आणि पाऊस कोसळला. वर ढोल बडवल्यासारखा पाऊस आणि खाली भेगाळलेली कोरडी जमीन. आत्या त्या कोरड्या जमिनीवर उभी राहून वर बघत होती. आयुष्यभर पावसाची वाट बघितलेल्या बाईने तो आपल्या हाताने अडवला होता. तिचा चेहरा बघून मी पहिल्यांदाच तिला घाबरले.

लोंब्या बाहेर पडल्या. बोलायला मोकळीक झाली, पण कोणाला सवयच राहिली नव्हती. फुलोरा आला, पांढरी धूळ उडाली, संपला. मुलगी गळ्यात हात अडकवून आली आणि पट्ट्यापट्ट्यांतून फिरली. आत्या तिच्या मागे, दोन हात अंतरावर. साध्या भाताची पानं बिडीसारखी वळली होती, टोकं जळली होती. कमी तोंडांची पानं सपाट, ताठ, हिरवी. मी आनंदाने टाळी वाजवणार होते, पण आत्या एका पट्ट्यापाशी थांबली. तिथल्या लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या. तिने एक लोंबी बोटांनी दाबली. आत काही नव्हतं.

"ही गाभडली," ती म्हणाली.

"हो," मुलगी म्हणाली. "हिची तोंडं फारच कमी केली होती. ताप सोसला नाही तिला. तुम्ही म्हणत होता ते हिच्या बाबतीत बरोबर."

"आनि बाकीच्या?"

"बाकीच्या जगल्या. दाणा भरेल असं वाटतंय."

आत्याने मान हलवली. "सोडू आता?"

"सोडा."

आत्याने फावडं घेतलं. तीच जागा, जिथे मुलगी आडवी झाली होती. तीन-चार घावांत बांध फुटला आणि पाणी आत धावलं. भेगांमध्ये शिरताना ते गुडगुडत होतं, बुडबुडे येत होते, जमीन घटाघट पीत होती. आत्या ते सगळं ऐकत उभी राहिली, पाणी शेवटच्या ओळीला लागेपर्यंत. मग तिने पाटात हात धुतले, लुगड्याला पुसले, मुलीसमोर आली आणि तिच्या कानाखाली सणसणीत वाजवली. मुलगी एक पाऊल मागे गेली.

"हे तिच्याकडनं," आत्या भाताकडे बोट दाखवून म्हणाली.

मुलीने गाल धरला. मग माझ्याकडे वळली. "काकू, पाणी सोडलं त्या क्षणाचा फोटो काढलात ना? वेळेसकट हवाय."

मी काढला नव्हता. मी आत्याच्या हाताकडे बघत होते.

आत्याने पुन्हा फावडं उचललं, तशा आम्ही दोघी एकदम मागे सरकलो. ती नुसतीच खालच्या टोकाचा बांध बघायला निघाली होती.